वादळ झेलणारी काच आणि आग झेलणारी काच : एकाच खिडकीत दोन्ही कशा बसवायच्या?

काचकाम (धागालेखिका)

नमस्कार मंडळी.

मागच्या आठवड्यात एका जुन्या इमारतीच्या जिन्यात, सातव्या मजल्याच्या वळणावर गुडघे टेकून बसले होते आणि टॉर्चच्या उजेडात काचेच्या कोपऱ्यातला शिक्का वाचत होते. शिक्का बोटाच्या पेराएवढा, वाळूच्या फवाऱ्याने कोरलेला. त्यावर ‘डब्ल्यू-६०’ होतं, म्हणजे भिंतीच्या दर्जाची, ६० मिनिटं आग अडवणारी काच. शिक्का खरा होता, काचही खरी होती. पण ती बसवली होती ॲल्युमिनियमच्या चौकटीत, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. ६० मिनिटांच्या चाचणीत भट्टी ९२७ अंशांपर्यंत जाते. म्हणजे काच उभी राहील आणि तिला धरणारी चौकटच आधी गळून पडेल.

हा धागा त्या खिडकीमुळे काढतेय. मी गेली एकोणीस वर्षं दक्षिण फ्लोरिडात इमारतींच्या काचकामाची सल्लागार म्हणून काम करते. इमारत इथल्याच हॉलिवूड गावातली (सिनेमावालं नव्हे), समुद्राला लागून, सत्तरच्या दशकातली, अठरा मजली. इथे राहणारे बहुतेक सत्तरीपुढचे. जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक खिडकी आहे आणि त्या खिडक्यांपासून शेजारच्या इमारतीची हद्द जेमतेम चार फुटांवर. सोसायटीने (इथे असोसिएशन म्हणतात) नव्या खिडक्यांचं काम एका कंत्राटदाराला दिलं. त्याने आधी एकच नमुना म्हणून बसवला, तोच हा. ‘वादळाचीही आणि आगीचीही’ असं सांगून त्याने दोन कागद दाखवले. दोन्ही कागद खरे होते, पण दोन वेगवेगळ्या खिडक्यांचे!

थोडं मागचं सांगते, म्हणजे हा घोळ का होतो ते कळेल.

२४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू चक्रीवादळ मायामीच्या दक्षिणेला होमस्टेडवर आदळलं. छपरं उडालेल्या घरांची पाहणी झाली तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. आधी खिडकी फुटली, वारा आत घुसला, घर फुग्यासारखं फुगलं आणि छप्पर आतून ढकललं गेलं. त्यातून इथले नियम बदलले. मायामी-डेड आणि ब्रॉवर्ड या दोन काउंट्यांना (म्हणजे इथल्या जिल्ह्यांना) ‘अतितीव्र वाऱ्याचा पट्टा’ म्हणून वेगळी चाचणी आली. साध्या इमारतींसाठी धरायचा वारा मायामी-डेडमध्ये ताशी १७५ मैल, म्हणजे सुमारे २८० किलोमीटर.

ती चाचणी मी कितीतरी वेळा पाहिली आहे, तरी दरवेळी छातीत धस्स होतं. हवेच्या तोफेतून चार किलोचा लाकडी वासा ताशी ५५ किलोमीटर वेगाने काचेवर आडवा सोडतात. धाड! सगळी काच एका क्षणात पांढरी होते, जाळं पडतं, पण पडदा फाटत नाही. कारण दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा चिवट थर असतो, आपल्या गाडीच्या पुढच्या काचेत असतो त्याच जातीचा, पण जास्त जाड किंवा जास्त ताठ. खरी परीक्षा पुढे असते. त्याच फुटलेल्या काचेवर हवेचा दाब आत-बाहेर, आत-बाहेर देत राहतात. मायामीच्या पद्धतीत ६७१ वेळा एका बाजूने आणि ६७१ वेळा दुसऱ्या बाजूने. काच श्वास घेतल्यासारखी फुगते आणि दबते, कडेने कच् कच् आवाज येत राहतो. एवढं होऊनही चौकटीतून सुटली नाही तर पास. जमिनीपासून ३० फुटांपर्यंत हा वाशाचा मारा. त्याच्या वर पोलादाच्या छोट्या गोळ्यांचा, कारण उंचावर शेजारच्या गच्चीवरची खडी उडून येते.

आता आग. आगीच्या काचेला प्लॅस्टिकचा तो थर नको असतो, कारण तो वितळतो आणि पेटतो. तिच्यात सोडियम सिलिकेटचे थर असतात, म्हणजे पाणकाच. भट्टीत ठेवली की आगीकडची पहिली काच तडकते, तिच्यामागचा थर फसफसून फुगतो आणि साबुदाण्याच्या खिचडीसारखा पांढरा, अपारदर्शक होतो. मग दुसरी काच, दुसरा थर. एकेक थर स्वतःला जाळून मागच्याला वाचवतो. पलीकडच्या बाजूचं तापमान सरासरी १३९ अंशांहून जास्त वाढता कामा नये, अशी अट. मी अशा एका भट्टीसमोर उभी होते. आत नऊशे अंश, आणि काचेपासून हातभर अंतरावर मी घामाने भिजले होते, पण भाजत नव्हते.

थोडक्यात, एका काचेला चिवट प्लॅस्टिक हवं, दुसरीला तेच नको. आणि आगीच्या काचेचे थर ऊन आणि दमट हवा लागली की कडेने दुधाळ होतात. समुद्रकाठी तर या दोन्हींची कमी नाही.

आता सोसायटीतले काही जण म्हणतात, ‘एवढा खर्च कशाला, खिडक्या बुजवून टाका, विटा लावा.’ तुमचं मत हवं आहे. इथे आपल्यातले बरेच बांधकामातले, विम्यातले आणि अग्निशमनातलेही आहेत.

---

ह्यूस्टनकर

ताई, उत्तम धागा. आम्ही २००८ च्या आइक वादळात इथेच होतो. सकाळी वारा पडल्यावर डाउनटाउनला गेलो, तर चेस टॉवरच्या खालचा रस्ता काचांनी भरलेला. इतक्या बारीक, की चपलेखाली साखर पसरल्यासारखं वाटत होतं. वर बघितलं तर खिडक्यांच्या जागी काळी भोकं आणि पडदे बाहेर लोंबतायत. जुनी माणसं म्हणायची, १९८३ च्या अलिशियातही हेच झालं होतं, गच्च्यांवरची खडी उडाली होती. मे २०२४ मध्ये वादळी वारे आले तेव्हा परत डाउनटाउनच्या काचा गेल्या.

त्याच आइकच्या रात्री शहरातलं ब्रेनन्स हे जुनं रेस्टॉरंट जळालं. वादळ चालू असताना आग! तोवर मला वाटायचं, एवढ्या पावसात आग लागेलच कशी.

---

काचकाम

ह्यूस्टनकर, नेमकं इथेच माझं बोट आहे. वादळात आग लागते, आणि जास्तच लागते. तारा तुटतात, वीज जाते-येते, लोक जनरेटर नको तिथे लावतात, मेणबत्त्या असतात. खाऱ्या पाण्याने विजेची जोडणी भिजली की शॉर्टसर्किट. २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कच्या ब्रीझी पॉइंटला सव्वाशेच्या आसपास घरं जळाली, आणि चहूकडे पाणी होतं. इथे २०२२ च्या इयननंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या इलेक्ट्रिक गाड्या दिवसांनंतर पेटल्या.

आणि त्या वेळी बंब येत नाही. वारा सतत ताशी ४०-५० मैलांच्या वर गेला की इथली बहुतेक अग्निशमन दलं गाड्या बाहेर काढणं थांबवतात. त्यांचा दोष नाही, उंच गाडी वाऱ्यात उलटते. पण याचा अर्थ, त्या काही तासांत इमारतीतल्या माणसाला फक्त भिंत, दार आणि खिडकी यांचाच आधार.

म्हणून मला एक गोष्ट खुपते. दोन्ही चाचण्या वेगवेगळ्या नमुन्यांवर होतात. वासा बसून फुटलेली काच नंतर भट्टीत कोणी घालत नाही. प्रत्यक्षात मात्र दोन्ही एकाच रात्री, त्याच क्रमाने येऊ शकतात.

---

निवृत्त_बंबवाला

ताई, मी मुंबई अग्निशमन दलात तीस वर्षं काढली. वेगळ्या बाजूने एक गोष्ट मांडतो. आग लागली की आमचं पहिलं काम धूर बाहेर काढणं. माणसं आगीने कमी आणि धुराने जास्त मरतात. काचेच्या इमारतीत तर काच फोडणं हाच उपाय. जुलै २०१४ ला अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्कला आग लागली, आपला एक जवान गेला. काचेने बंद केलेली इमारत म्हणजे काय असतं ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

तुमची ही वादळाची काच कुऱ्हाडीने फुटते का? फुटत नसेल तर आतल्या माणसाचं काय?

---

काचकाम

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. नाही फुटत. कुऱ्हाड मारली की काच तडकते आणि कुऱ्हाड मागे उसळते. इथले जवान फिरत्या पात्याची करवत किंवा लाकूड कापायची चेन करवत घेऊन कडेने कापत जातात. त्याला वेळ लागतो आणि त्याचा खास सराव करावा लागतो. शयनगृहाच्या खिडकीतून बाहेर पडायचं असेल तर ती आतून हाताने उघडली पाहिजे, हा नियम त्यासाठीच.

पण उंच इमारतीत मी याची दुसरी बाजूही सांगते. २००८ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक-संस्थेने न्यूयॉर्क अग्निशमन दलाबरोबर गव्हर्नर्स आयलंडवर एका सातमजली रिकाम्या इमारतीत मुद्दाम आगी लावून पाहिल्या. खिडकी फुटली आणि बाहेर वारा असेल, तर खोलीतली आग दारातून थेट मार्गिकेत आणि तिथून जिन्याकडे झेपावते. त्यासाठी वादळ लागत नाही, समुद्रकाठचा नेहमीचा वाराही पुरे. म्हणजे किनाऱ्यावर वाऱ्याकडची खिडकी जेवढी उशिरा फुटेल तेवढं जिन्यातल्या माणसाच्या आणि तुमच्यासारख्या जवानाच्याही पथ्यावर.

धूर काढायचा तो ठरवून, हव्या त्या बाजूने. वाऱ्याने ठरवू नये.

---

निवृत्त_बंबवाला

पटलं. मार्गिकेत आग झेपावलेली मी स्वतः पाहिली आहे, मलबार हिलला, पावसाळ्यात. दार उघडलं आणि पुढच्याच क्षणी आम्ही चौघे जमिनीवर पालथे. तेव्हा कारण कळलं नव्हतं.

---

वरळीकर

एक भाबडा प्रश्न. आमच्या लहानपणी सरकारी इमारतींच्या जिन्यात आत तारेची जाळी असलेली काच असायची. तीच का नाही वापरत? आगीसाठीच असायची ना ती?

---

काचकाम

प्रश्न मुळीच भाबडा नाही. ती आगीचीच काच. तडकली तरी तार तुकडे धरून ठेवते, म्हणून जवळपास शंभर वर्षं तीच चालली. पण तारेमुळे ती मजबूत होते असा लोकांचा समज आहे आणि तो चुकीचा आहे, उलट ती साध्या काचेहून कमकुवत असते. शाळांमध्ये मुलांचे हात तिच्यातून आरपार गेले, तारेने कापले गेले. म्हणून इथे दारांमधून आणि माणूस आपटेल अशा जागांमधून ती काढली. वाशाचा मारा तर ती सोसणारच नाही.

तिच्या जागी सिरॅमिक काच आली. स्वयंपाकघरातल्या इंडक्शनच्या शेगडीवरची काळी काच असते ना, त्याच घराण्यातली, फक्त पारदर्शक. गरम झाली तरी जवळपास प्रसरण पावत नाही, म्हणून तापलेली असताना बंबाच्या पाण्याचा झोत मारला तरी टिकते. (अमेरिकेत भट्टीनंतर लगेच हा झोत मारून बघतात.) आमच्या भिंतीला १ तासाचा दर्जा आहे, तेव्हा खिडकीला नियमाने ४५ मिनिटं पुरतात आणि सिरॅमिक काच ते सहज देते.

पण मी ती सुचवली नाही, आणि यावरून सोसायटीच्या सभेत बराच वाद झाला. सिरॅमिक काच ज्वाळा अडवते, धग अडवत नाही. होळी चांगली पेटली की आपण नकळत चार पावलं मागे सरतो ना, मध्ये काही नसतानाही? चार फुटांवरच्या हद्दीपलीकडे शेजारची इमारत पेटलेली आहे, आणि आमच्या अकराव्या मजल्यावरच्या ऐंशीच्या आजी कठड्याला धरून एकेक पायरी उतरतायत. दर वळणावर तशी होळी. त्या वळणावरून त्या पुढे जातीलच कशा? नियमात धग अडवायची अट नाही म्हणून माणसाला ती कमी लागत नाही.

---

विमा_आणि_बरंच_काही

खर्चाचं बोला ताई. १ जानेवारी २०२४ च्या मुदतीमुळे इथल्या जुन्या उंच कॉन्डोंना (मालकीच्या फ्लॅटच्या इमारतींना) एकतर स्प्रिंकलर (छतातले पाण्याचे फवारे) नाहीतर पर्यायी सुरक्षा व्यवस्था करावी लागली. जून २०२१ ला मायामीजवळच्या सर्फसाइडची कॉन्डो इमारत कोसळून ९८ माणसं गेली, त्यानंतर तीस वर्षांच्या इमारतींची सक्तीची तपासणी आणि राखीव निधी. माझे कित्येक ग्राहक निवृत्त आहेत, महिन्याची वर्गणी दुप्पट झाल्यावर घर विकून गेलेत. अशांना तुम्ही नियमापेक्षा महाग काच सांगताय. विटा लावल्या तर आगही अडेल आणि वादळही. प्रामाणिकपणे सांगा, काय वाईट आहे त्यात?

---

काचकाम

काही वाईट नाही. आगीच्या आणि वाऱ्याच्या दृष्टीने काँक्रीटच्या ठोकळ्यांची भिंत माझ्या कोणत्याही काचेपेक्षा सरस आहे, आणि कितीतरी स्वस्त. हद्दीपासून ३ ते ५ फुटांत, स्प्रिंकलर नसलेल्या इमारतीत साधी काच चालतच नाही. अग्निरोधक लावली तरी त्या भिंतीच्या १५ टक्क्यांपर्यंतच. आमची इमारत पर्यायी व्यवस्थेवाली, म्हणजे पूर्ण स्प्रिंकलर नाहीत. नियम स्वतःच सांगतोय, इथे काच कमीत कमी ठेवा. मी स्वतः आधी ‘बुजवा’ असंच लिहून दिलं होतं.

मग आजींनी (तिसऱ्या मजल्यापासून अकराव्यापर्यंत सगळे त्यांना आजीच म्हणतात, मीही) मला चहाला बोलावलं आणि ऑक्टोबर २००५ च्या विल्माचं सांगितलं. त्या वादळात इथल्या वीज कंपनीचे ३२ लाख ग्राहक अंधारात गेले. लिफ्ट बंद. आजींचे यजमान तेव्हा होते, त्यांना इन्सुलिन लागायचं आणि बर्फ खाली रस्त्यावर वाटत होते. दोघांनी दिवसातून दोनदा अकरा मजले चढ-उतार केली. आणीबाणीचे दिवे पहिल्या दोन तासांतच विझले होते. आजी म्हणाल्या, ‘त्या खिडक्यांचा उजेड होता म्हणून मी पायरी चुकले नाही. तेवढ्या खिडक्या नका बुजवू.’

माझ्या कोणत्याही हिशेबाच्या तक्त्यात ही गोष्ट नव्हती. आग लागायची शक्यता कमी, पण वादळानंतर आठवडाभर वीज नसणं हे इथे दर काही वर्षांनी ठरलेलं. आणि अंधाऱ्या जिन्यात पडून खुबा मोडणं ही म्हाताऱ्या माणसाच्या जिवावरची गोष्ट आहे.

म्हणून मधला मार्ग : खिडकीची जागा निम्म्याहून कमी करायची, खालचा भाग ठोकळ्यांनी बंद, वर आडवी अरुंद खिडकी, आणि त्या लहान खिडकीत खरी, दोन्ही कामं करणारी काच. क्षेत्रफळ घटलं की खर्चही घटतो. हा हिशेब मी सभेत मांडल्यावर विरोध बराच निवळला.

---

शंकासुर

दोन्ही कामं करणारी म्हणजे नक्की कशी? तुम्हीच म्हणालात एकीला प्लॅस्टिक हवं, दुसरीला नको.

---

काचकाम

दोन काचा वेगळ्या ठेवायच्या आणि मध्ये हवेची पोकळी सोडायची. बाहेर वादळाची लॅमिनेटेड काच, आत आगीची. वासा किंवा खडी बाहेरची झेलते आणि फुटते. मध्ये पोकळी असल्याने आतली शाबूत राहण्याची शक्यता चांगली. बाहेरच्या काचेतला प्लॅस्टिकचा थर अतिनील किरणं अडवतो, त्यामुळे आतल्या काचेचे थर उन्हाने दुधाळ होत नाहीत. बाहेरून आग आली तर बाहेरचं प्लॅस्टिक जळून जाईल, जाऊ दे, तोवर आतली फसफसायला लागलेली असते.

वजन मात्र जबर. फक्त ६० मिनिटांची आतली काचच साधारण २३ मिलिमीटर जाड आणि चौरस मीटरला पन्नास किलोंच्या वर. बाहेरची धरून दोन माणसांना उचलत नाही. म्हणून चौकट पोलादाची, आणि खाऱ्या हवेसाठी जस्ताच्या रसात बुडवून मग रंगवलेली. चौकट आणि भिंत यांच्यातली फटही त्याच दर्जाच्या साहित्याने भरायची. नेहमीचा फेस फवारला की सगळ्यावर पाणी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : वादळाचा मान्यता-कागद आणि आगीचा दाखला, दोन्ही त्याच काचेचे, त्याच चौकटीचे, त्याच आकारापर्यंतचे हवेत. असं उत्पादन देणारे मोजके आहेत, पण आहेत. कंत्राटदाराला एवढंच विचारा, ‘दोन्ही कागदांवरचं चौकटीचं रेखाचित्र एकच आहे का?’ उत्तर द्यायला वेळ लागला तर समजून घ्या.

---

वरळीकर

आमच्याकडे समुद्राकडे तोंड केलेली चाळीस-पन्नास मजली टॉवर उभी राहतायत. २०२० ला निसर्ग अलिबागजवळ आलं, २०२१ ला तौक्तेच्या वेळी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला. आमच्या खिडक्या शिट्ट्या वाजवत होत्या. आम्ही काय विचारावं?

---

काचकाम

भारतात वाऱ्याचा हिशेब आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागाने होतो आणि मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटरच्या आसपास. तौक्तेचा वारा त्याच्या बराच आत होता, त्यामुळे शिट्ट्या म्हणजे काच कमकुवत असं नाही, बहुतेक वेळा रबराच्या पट्ट्या सैल झालेल्या असतात. त्या बदलून घ्या, पावसाळ्याआधीच.

मी तुमच्या जागी असते तर काचेची पडदी-भिंत आणि स्लॅबची कड यांच्यातली फट आधी बघितली असती. पडद्यासारखी काच स्लॅबच्या बाहेरून जाते आणि मध्ये चार-सहा इंच जागा उरते. ती खनिज लोकरीने आणि धूर अडवणाऱ्या लेपाने घट्ट भरलेली हवी. १९८८ ला लॉस एंजेलिसच्या फर्स्ट इंटरस्टेट बँकेच्या ६२ मजली इमारतीत आग बाराव्या मजल्यावर लागली आणि बाहेरच्या बाजूने काचा फोडत, कडेच्या फटींतूनही वर सोळाव्यापर्यंत चढली. तुमच्या मजल्यावर, खोट्या छताच्या वर, कडेला टॉर्च मारून पाहा. खालच्या मजल्याचा उजेड दिसला तर सोसायटीला लेखी कळवा.

---

ह्यूस्टनकर

लुइझियानातल्या लेक चार्ल्सचं कोणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. २०२० च्या लॉरा वादळात तिथल्या बावीस मजली कॅपिटल वन टॉवरच्या काचा गेल्या. खिडक्यांना प्लायवूड ठोकून ती इमारत चार वर्षं तशीच उभी होती. आम्ही हायवेवरून जाताना मुलं विचारायची, ही बिल्डिंग आजारी आहे का. सप्टेंबर २०२४ ला सुरुंग लावून पाडली.

---

काचकाम

हो, ती चित्रफीत मी आमच्या सभेत दाखवली होती. सांगाडा धड होता, काचा गेल्या आणि आत पाणी गेलं. दुरुस्ती परवडली नाही.

ताजी खबर : काल परवाना मिळाला. कंत्राटदाराने नमुन्याची खिडकी स्वखर्चाने काढून नेली. भांडण न होता, हे मुद्दाम लिहिते. त्याला खरंच फरक माहीत नव्हता. आता तो दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवून रेखाचित्रं जुळवून बघतो. नव्या पोलादी चौकटी सहा आठवड्यांत येतील. सुरुवात अकराव्या मजल्यापासून करा असं मी सांगितलंय.

निवृत्त_बंबवाला दादा, तुमच्यासाठी एक प्रश्न ठेवते. जिन्याच्या या नव्या खिडक्या उघडणाऱ्या नाहीत. धूर काढायला जिन्याच्या माथ्यावर झडप ठेवतोय, वीज नसताना हाताने साखळी ओढून उघडणारी. तुमच्या अनुभवात अशी साखळी किती उंचीवर असावी, आणि कोणत्या मजल्यावरून ओढता यावी?

---

निवृत्त_बंबवाला

तळमजल्यावरून. जवान तिथूनच शिरतो. आणि साखळी नको, गंजते. स्टेनलेस स्टीलची दोरी आणि फिरवायचा हँडल घ्या, छातीच्या उंचीवर, लाल रंगात. दर महिन्याला एकदा उघडून बघायचा दिवस ठरवा आणि वहीत सही घ्या. आमच्याकडच्या कितीतरी झडपा रंगाने चिकटून बसलेल्या असायच्या.

---

काचकाम

लिहून घेतलं दादा. महिन्याची सही आजी घेणार म्हणाल्यात.